आधी खोली, मग वाणी

नोकरी गेल्यावर माणसाला पहिली भीती कसली वाटते? मला वाटतं, भुकेची नाही. पोटाची काहीतरी सोय होते. भाऊबंद असतात, शेजारी असतात, वाण्याकडे उधारी असते. पहिली भीती असते ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेची. आपला पगार थांबला म्हणून घरभाडं काही थांबत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याची नोकरी जाते, तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: आता खायचं काय, आणि राहायचं कुठे?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाला मुंबईत शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला थोडा मी वाचला आणि थोडा घरातच पाहिला, कारण माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या संपावर भरपूर लिहिलं गेलंय. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, कधीच अधिकृतपणे मागे न घेतलेला संप, आणि नंतर गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मॉल आणि टॉवर. पण अलीकडे मला वेगळाच प्रश्न पडायला लागलाय. एवढ्या माणसांचा पगार एकदम बंद झाला, मग ती सगळी सहा महिन्यांत रस्त्यावर कशी आली नाहीत?

गाव होतं, हे एक उत्तर. कोकणातला, घाटावरचा कामगार गावी निघून गेला. उधारी होती, हे दुसरं उत्तर. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका उधारीवर जेवू घालायच्या. (याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं.) तिसरं उत्तर फारसं कुणी सांगत नाही, कारण ते रुक्ष आहे. ते उत्तर म्हणजे भाडे नियंत्रण कायदा!

त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. शहर सुधारायचं म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या. पण पाडली तेवढी घरं काही वेळेत बांधली गेली नाहीत. गिरण्यांमध्ये माणसं येतच होती. मग पहिलं महायुद्ध आलं, महागाई भडकली, बांधकाम मंदावलं आणि भाडी कामगाराच्या आवाक्याबाहेर जायला लागली. एरवी बाजारभावात हात न घालणाऱ्या सरकारने अखेर १९१८ मध्ये भाड्यावर मर्यादा घालणारा कायदा केला. युद्धकाळापुरता म्हणून केलेला हा कायदा पुढे काही वर्षं वाढत गेला. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. खोली एकशे साठ चौरस फुटांची. गंमत म्हणजे घरांची एवढी टंचाई असूनही सुरुवातीला त्यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. घर असणं आणि ते परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हाच दिसून आलं होतं.

खरा बदल केला तो १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. एक, १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं तेच साधारणपणे 'प्रमाण भाडं', आणि मालकाला त्याहून जास्त मागता येणार नाही (कर वगैरेंची ठरावीक वाढ सोडून). दोन, भाडेकरू ते भाडं भरतोय किंवा भरायला तयार आहे तोवर, कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येणार नाही.

आता हे बघा. या कायद्यात 'तुझी नोकरी आहे का' हा प्रश्नच नाही. पगार किती, मालक कोण, कायम आहेस की बदली, काही नाही. फक्त भाडं. आणि भाडं गोठलेलं. १९८२ साली आमच्या खोलीचं भाडं होतं अठरा रुपये. वडिलांच्या पगाराच्या मानाने ते इतकं किरकोळ होतं की एरवी घरात त्याचा कधी विषयही निघत नसे. संप लांबला तेव्हा मात्र याच अठरा रुपयांनी आम्हाला तारलं.

ते कसं, हे सांगतो, कारण यात आईचं गणित होतं. थकबाकीबाबत कायद्याचा नियम साधारण असा होता: सहा महिन्यांचं किंवा त्याहून जास्त भाडं थकलं, मालकाने लेखी नोटीस दिली आणि त्यानंतर महिन्याभरात ते भरलं नाही, तर खोली जाऊ शकते. थकबाकी त्याहून कमी असेल तर कोर्टात पहिल्याच तारखेला पैसे भरून खोली वाचवता येत असे. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने कायदा वाचला नव्हता. पण चाळीतल्या प्रत्येक बाईला 'सहा महिने' हा आकडा पाठ होता. आई पाच महिने भाडं थकवायची आणि सहावा लागायच्या आत कुठून तरी नव्वद रुपये उभे करायची. एकदा कानातले मारवाड्याकडे गेले, एकदा मोठ्या मामाने मनिऑर्डर केली, बाकी वेळा तिने खानावळीला पोळ्या लाटून दिल्या त्याचे पैसे. भाडं गोळा करायला येणारा मेहता कुरकुर करायचा, पण पावती द्यायचा. त्या पावत्या आई तारेला टोचून देवाच्या फोटोमागे ठेवायची. तिचा हिशेब ठरलेला होता, "आधी खोली, मग वाणी. वाणी थांबतो. खोली गेली की परत नाही मिळायची."

आणखी एक कलम होतं. रास्त कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरली नाही, तर तेही जागा परत मागायला कारण ठरत असे. म्हणून वडील गावी गेले तरी आम्ही सगळे गेलो नाही. आई आणि आम्ही भावंडं खोलीतच राहिलो. आमच्या मजल्यावर काही खोल्यांत फक्त म्हातारी आई राहिली होती, काहींत दहावीचं वर्ष असलेला मुलगा. लोकांना वाटायचं शाळेसाठी राहिलाय. शाळा होतीच, पण दाराला कुलूप दिसू नये हेही होतं.

माझ्या काकांची गोष्ट मात्र वेगळी झाली. काकाही गिरणीतच होते. (गिरणीचं नाव लिहीत नाही. असं बऱ्याच ठिकाणी झालं.) ते राहायचे गिरणीच्या स्वतःच्या चाळीत, गिरणीने दिलेल्या खोलीत. ती खोली आमच्या खोलीपेक्षा चांगली होती, हवेशीर, नळ जवळ. काकूला त्याचा कोण अभिमान! पण त्याच १९४७ च्या कायद्यात एक अपवाद होता. जागा जर मालकाच्या नोकरीत असल्यामुळे दिली असेल, तर नोकरी संपल्यावर मालक ती परत मागू शकत होता. संपात काकांना कामावरून काढल्याचं पत्र आलं आणि त्यामागोमाग खोली खाली करण्याची नोटीस. लघुवाद न्यायालयाच्या तारखा सुरू झाल्या. काका लढले. पण ग्रॅच्युइटीचा हिशेब गिरणीने अडवून ठेवला होता. आधी खोली सोडा, मग पैसे. १९८६ मध्ये त्यांनी खोली सोडली, हिशेब घेतला आणि नालासोपाऱ्याला गेले.

सख्खे भाऊ, संप तोच, आणि नोकरी दोघांचीही गेली. पण एकाचं छप्पर टिकलं आणि दुसऱ्याचं गेलं. फरक शिक्षणाचा नव्हता, बचतीचा नव्हता, हुशारीचाही नव्हता. एकाचं छप्पर पगाराला बांधलेलं होतं आणि दुसऱ्याचं नव्हतं, इतकाच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे भाडेकरूंचं कीर्तन होईल.

अठरा रुपयांत आम्ही तरलो, पण त्या अठरा रुपयांत चाळीची डागडुजी होणार होती का? शक्यच नाही. मालकाला इमारतीत पैसे घालण्यात काही रस उरला नाही. जिने खचले, गॅलऱ्यांना टेकू लागले, पावसाळ्यात इमारती कोसळायला लागल्या. शेवटी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सरकारने जुन्या इमारतींवर उपकर लावला आणि दुरुस्तीचं काम स्वतःकडे घेतलं. तिकडे 'पागडी' नावाचा समांतर बाजार उभा राहिला. खोली सोडताना नव्या माणसाकडून मोठी रक्कम घ्यायची, त्यात मालकाचाही हिस्सा. कायद्याने हा गुन्हा होता आणि सगळं शहर तो करत होतं. संप फसल्यावर लाखाच्या घरात कामगार कायमचे बाहेर फेकले गेले. त्यांतल्या कित्येकांनी पागडी घेऊन खोली दिली आणि विरार, डोंबिवली, कल्याण किंवा थेट गाव गाठलं. म्हणजे बेकायदा का होईना, खोली हाच त्यांचा खरा फंड ठरला.

थोडक्यात काय, तर बेकारी भत्ता द्यायला सरकार तयार नव्हतं. तो भत्ता घरमालकाच्या खिशातून आणि इमारतीच्या भिंतींतून दिला गेला. कुणीही तसं ठरवलं नव्हतं, पण झालं ते हेच. आणि मालक म्हणजे दरवेळी कुणी शेठ असायचा असंही नाही. आमच्या शेजारच्या चाळीची मालकीण एक विधवा बाई होती. तिच्या घरात आमच्यापेक्षा फार काही वेगळं शिजत नसे.

हे असं चालणार नव्हतंच. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की वर्षानुवर्षं भाडी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करायची मुभा मिळाली, पागडी कायदेशीर झाली. पण नव्याने घर शोधणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याला मिळतो 'लीव्ह अँड लायसन्स'चा कागद.

हा प्रकार २००० साली जन्मला असं नाही. १८८२ च्या दोन कायद्यांमध्ये त्याचं मूळ आहे. एका कायद्यात भाडेपट्टा, म्हणजे जागेत हक्क मिळतो. दुसऱ्यात लायसन्स, म्हणजे फक्त वापरायची परवानगी. कडक भाडे कायद्यातून सुटायला मालक पूर्वीही लायसन्स लिहून घ्यायचे. १९७३ मध्ये सरकारने १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या अशा लायसन्सधारकांना भाडेकरूच ठरवून टाकलं. मालकांनी त्याची अशी धास्ती घेतली की कितीतरी फ्लॅट कुलूप लावून ठेवले जायला लागले. १९९९ च्या कायद्याने ती भीती घालवली. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि जागा न सोडणाऱ्याला मुदतीनंतरच्या काळाचे दुप्पट पैसे द्यावे लागू शकतात. आईचं 'सहा महिने'चं गणित इथे लावता येत नाही.

याची प्रचिती आम्हाला जानेवारी २०२३ मध्ये आली. भाचा पुण्यात एका आयटी कंपनीत होता. एका सकाळी मेल आली आणि नोकरी संपली. वाकडला फ्लॅट, भाडं सव्वीस हजार, डिपॉझिट अठ्ठ्याहत्तर हजार. करार ऑक्टोबरपासून अकरा महिन्यांचा, त्यात सहा महिन्यांचा 'लॉक-इन', म्हणजे मार्चअखेरपर्यंत सोडता येणार नाही. त्याने रात्री फोन केला, "मामा, दोन महिने गप्प बसतो. भाडं डिपॉझिटमधून वळतं होऊ दे. तोवर दुसरी नोकरी मिळेल."

मी म्हटलं, "अरे, गप्प बसायचे दिवस गेले. करार काढ आणि वाचून दाखव."

वाचला. आणि मग जे केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होवो. त्याच आठवड्यात त्याने घरमालकांना फोन करून खरं ते सांगितलं आणि लगेच मेलही केली. "काका, माझी नोकरी गेलीय. फेब्रुवारीचं भाडं देतो, पण मार्चमध्ये राहणं जमणार नाही. दुसरा भाडेकरू मी शोधून देतो." काकांचा सूर आधी कडक होता. लॉक-इन म्हणजे लॉक-इन. नंतर कळलं की त्या फ्लॅटचं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं आणि हप्ता याच्याच भाड्यातून जायचा. त्यांचीही एक तारीख होती. दरम्यान ओळखीच्या वकिलांनी एक गोष्ट सांगितली. करार मोडल्याबद्दल रक्कम लिहिलेली असली तरी १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. १ मार्चला नवीन माणूस राहायला आला, तर मालकाचं नुकसान ते किती? हे भाच्याने भांडून नाही, नीट बोलून मांडलं. नवा भाडेकरू सोसायटीतूनच मिळाला. फेब्रुवारीचे सव्वीस हजार आणि रंगाचे सहा हजार कापून सेहेचाळीस हजार परत आले. करार रद्द केल्याचं लेखी झालं, चाव्या देताना मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचे फोटो घेतले. बत्तीस हजारांत सुटला. दोन महिने गप्प बसला असता तर डिपॉझिटमधले बावन्न हजार तिथेच गेले असते, आणि वरून संबंध बिघडले असते.

पण तो सुटला तो कशामुळे? काका समजूतदार निघाले म्हणून. नवा भाडेकरू पटकन मिळाला म्हणून. आणि मुख्य म्हणजे त्याला जायला दुसरी जागा होती म्हणून. तो कुठे आला? लालबागला, आमच्या त्याच खोलीत. चाळीला टेकू आहेत, पुनर्विकासाच्या बैठका सुरू आहेत, भाडं आणि उपकर मिळून महिन्याला अजून दोनशेच्या आत आहे. चार महिने तिथे राहून त्याने दुसरी नोकरी मिळवली. तारेवरच्या त्या पावत्यांवर १९८२ साली आम्ही जगलो आणि २०२३ मध्ये तो.

ज्याच्या आईने अशी खोली राखून ठेवलेली नाही त्याचं काय? एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, राज्य सरकारने घरमालकांना सूचना केली होती की निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला काढू नका. चांगली सूचना होती. पण ती भाडं पुढे ढकलायची होती, माफ करायची नव्हे. २०२१ मध्ये केंद्राने नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं म्हटलंय. पण नमुना म्हणजे नमुनाच, तो राज्याने स्वीकारला तर लागू. आणि त्यातही 'नोकरी गेली तर काय' याचं उत्तर नाही.

मला जुना कायदा परत यावा असं वाटत नाही. त्याने पोखरलेल्या भिंती मी रोज पाहिल्यात, कोसळलेल्या इमारतींचे ढिगारेही पाहिलेत. पण त्या कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली होती. नोकरी जाणं आणि घर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. माणसाला सावरायला सहा महिने लागतात, तेवढे त्याला मिळाले पाहिजेत. चूक झाली ती या सहा महिन्यांचं बिल एकट्या मालकाच्या नावावर फाडण्यात. आपण तो कायदा बदलला, मालकाचं ओझं उतरवलं, ते बरोबरच केलं. पण उतरवलेलं ओझं सरकारने उचललं नाही, कंपनीने उचललं नाही, विम्याने उचललं नाही. ते आलं भाडेकरूच्या डिपॉझिटवर आणि त्याच्या आईवडिलांच्या खोलीवर. आज पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारी मुलं सव्वीस हजार, तीस हजार भाडं भरतात, पण त्यांचं छप्पर माझ्या काकांच्या खोलीसारखं झालंय. हवेशीर, नळ जवळ, आणि पगाराला बांधलेलं.

असो. निदान एवढं तरी करावं. करारावर सही करण्याआधी लॉक-इन आणि नोटीस ही दोन कलमं नीट वाचावीत, आणि तीन महिन्यांचं भाडं कुठेतरी बाजूला ठेवावं, ज्याला हात लावायचा नाही. आईच्या भाषेत सांगायचं, तर आधी खोली, मग वाणी.